रस फिरला

प्रॅक्टिकलला मी दोन परीक्षानळ्या लावते.
एकीत आज पहाटे तोडलेल्या उसाचा रस,
दुसरीत सहा दिवस बांधावर पडलेल्या मोळीचा.
दोन्ही गोड, दोन्ही सारखेच गढूळ.
बेनेडिक्टचे निळे थेंब, उकळतं पाणी,
आणि मागच्या बाकावरून मुबीना शिकलगार
सगळ्यांच्या आधी ओरडते,
"मॅडम, दुसरी विटंगत झाली!"
पहिली अजून निळीच,
कडेला किंचित हिरवट.

मी फळ्यावर लिहिते: इन्व्हर्टेज.
आणि खडू हातात तसाच राहतो.

वडणग्याचं गुऱ्हाळ, घाण्याचं बेअरिंग गेलेला तो आठवडा.
तोडलेला ऊस उन्हात,
वर चिपाडं टाकून झाकल्यासारखा केलेला.
सहाव्या दिवशी काहील चढली.
केरबा गुळव्यानं पाकाचा थेंब पाण्यात सोडला,
बोटांत धरून वळायला गेला.
गोळी होईना.
बोटं चाटून एवढंच म्हणाला,
"रस फिरलाय."

काका म्हणाले, भेंडी वाढव, चुना घाल.
"भेंडीनं मळी निघंल, मालक.
फिरल्यालं सरळ कसं हुईल?"
फडकं सोडलं
तर रवा शेणाच्या पोवागत पसरला.
शाहूपुरीतल्या दलालानं बोट खुपसलं,
रुमालाला पुसलं,
दर सांगितलाच नाही.

पुढं एम.एस्सी.ला,
राजारामपुरीतल्या खोलीत, रात्री दीडला वाचलं:
साखरेच्या पाण्यातून सोडलेला ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळतो,
तीच साखर फुटून दोन झाली
की डावीकडे.
म्हणजे खरंच फिरतो.
केरबाकडे यंत्र नव्हतं. जीभ होती.

"पटका बघितलाय का रे कुणी बांधताना?"
मी पोरांना विचारते.
बारा हात कापड. गाठोड्यात ते नुसतं कापड.
पीळ देऊन, दुमडून, खोचून डोक्यावर बसलं
की मग पटका.
प्रथिनाचं तसंच.
आणि त्या पिळांत कुठंतरी एक खोबण
(केरबा तिथं विडी खोचायचा),
काम काय ते तेवढ्याच जागेत चालतं.
साखर तिथं येऊन बसते,
पाण्याचा एक रेणू मधे शिरतो,
सांधा सुटतो.

पुस्तकात कुलूप-किल्लीचं चित्र आहे.
मला ते पटत नाही.
नव्या चपलेसारखं आहे ते:
पाय जरा सरकतो, चामडं जरा ऐकतं,
आणि मग दोघं एकमेकांचे.
फक्त इथं हे सगळं डोळा लवायच्या आत,
आणि परत,
आणि परत.

काहिलीत पटका सुटतो.
रसाला आधण येईस्तोवर सगळे पीळ उलगडलेले,
कापड तेच, धागा तोच,
विडी खोचायला जागा नाही.
पण तोवर सहा दिवस झालेले असतात.

"पण मॅडम," मुबीना लिहायचं थांबते,
"ऊस तुटलाय हे त्याला कळत न्हाई?"

नाही कळत, बाळा.
जिवंत उसात त्याचं कामच ते,
साखर फोडून वाढत्या कोंबाला भरवायचं.
कोयता लागला, मोळी बांधली, ट्रॉलीत रचली,
तरी ते घास मोडत बसलेलं असतं
न येणाऱ्या कोंबासाठी.

हे मी बोलले नाही. बेल झाली होती.
घाईनं शेवटचं वाक्य लिहिलं:
विकर अभिक्रियेत भाग घेते, पण स्वतः खर्ची पडत नाही.
पोरांनी उतरून घेतलं. परीक्षेला येतं.

केरबाच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना
शेवटी ठसेच उरले नव्हते.
आधारला गेला तेव्हा
यंत्र चार वेळा नाही म्हणालं.

नळ्या मीच धुते.
विटकरी गाळ तळाला धरून बसतो,
नुसत्या पाण्यानं जात नाही.